मोकळ्या काचेवर

"हार घाला मावशी, बुक्का नको," सुनीती हळूच म्हणाली. "झोंबतो मेला. मिरचीपूड लावल्यासारखं होतं."

पूर्वरंग संपला होता. सभामंडपात पेटीवाले पाणी पीत होते, तबलजी हातोडीने ठाकठोक करून तबला सुरात घेत होते, आणि मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालून बुक्का लावायचा मान त्या दिवशी माझ्याकडे आला होता. बुक्क्याची वाटी घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले आणि इतके महिने लांबून जे दिसलं नव्हतं ते जवळून दिसलं. कपाळाची कातडी लाल, भेगाळलेली. ओठांच्या कोपऱ्यात बारीक फोड. चिपळ्या धरलेल्या बोटांवर तर चामखिळींची अशी दाटी, की मूळचं बोट कुठलं हे शोधावं लागावं.

माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं, "हात नका लावू हो, पसरतं म्हणे ते."

मी मुकाट्याने हार घातला. सुनीतीने ते ऐकलं होतं. उत्तररंगाला उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "मागच्या आजींनी काळजी करू नये. माझ्या चामखिळी फार मानी आहेत. आमंत्रण असल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाहीत." सगळा मंडप हसला, त्या आजीही हसल्या, आणि हसू ओसरायच्या आत तिने षड्ज लावला. काय सांगू! सकाळी उठून देवघरात पहिली ज्योत लावावी तसा लागायचा तिचा षड्ज. वय अवघं चोवीस. अष्टेकरबुवांची मुलगी. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बुवांचा आवाज गेला, तेव्हापासून वडिलांच्या जागी ही उभी राहत होती.

खांबाला टेकून डॉक्टर मुजावर बसले होते. टेकडीपलीकडच्या आमच्या संस्थेत सूक्ष्मदर्शकांचा विभाग माझ्याकडे होता, आणि शेजारच्याच प्रयोगशाळेत डॉक्टर रोगाशी लढणाऱ्या पेशींवर काम करत. आठवड्यातून दोन दिवस रुग्णालयातही बसत. मूळचे मिरजेचे. वडील तंबोरे दुरुस्त करायचे. गावात कुणाही बुवांचं कीर्तन असलं की हे लहानपणी पहिल्या रांगेत. पुण्यात आल्यावर मी त्यांना आमच्या राममंदिरात घेऊन गेले, आणि मग मी चुकले तरी ते चुकायचे नाहीत.

कीर्तन उठल्यावर ते माझी वाट बघत थांबले. "कुंदाताई, त्या मुलीचे हात पाहिलेत?"

"पाहिले. लहानपणापासून आहे म्हणतात. अ‍ॅलर्जी."

"न्यूमोनिया होतो का तिला? वारंवार?"

"मला काय ठाऊक?"

"विचारा. आणि बुवांचं लग्न नात्यातलं आहे का, तेही विचारा."

"अहो डॉक्टर, कुणाला असं विचारतात का?"

"मग मला न्या. मी विचारतो."

*

बुवांच्या दोन खोल्यांत आम्ही गेलो. बुवा घोगऱ्या कुजबुजीत बोलायचे. समोरच्याला पुढे वाकावं लागे. डॉक्टरांना त्यांनी हाताला धरून आपल्या शेजारी गादीवर बसवलं.

"नात्यातलंच," ते म्हणाले. "मामाची मुलगी केली मी. आमच्यात मामाच्या मुलीवर हक्कच असतो म्हणा ना. आमच्या वडिलांनीही तेच केलं होतं. का हो डॉक्टरसाहेब?"

"काही नाही बुवा. एखादी उणीव दोन्हीकडून आली तर मुलात पुरी उतरते. एकीकडून आली तर झाकून जाते."

"म्हणजे माझा थोरला बरा, आणि ही अशी..."

"कुणाच्या हातातलं नव्हतं ते."

सुनीती आतून चहा घेऊन आली. कपाच्या कानात तिचं बोट जात नव्हतं, म्हणून ती बशीच धरून आणायची. न्यूमोनिया? हो, लहानपणी तीनचारदा तरी. कान वाहायचे. दूध चालायचं नाही, अंडं चालायचं नाही. "अंडं आमच्या घरात असंही चालत नाही," ती म्हणाली, "तेवढं बरं झालं."

डॉक्टरांनी रक्त घेतलं, तपासणीला परदेशी पाठवलं. उत्तर यायला पावसाळा गेला. आलं तेव्हा त्यांच्या मनात होतं तेच आलं. तिच्या पेशींमध्ये एक प्रथिन मुळीच तयार होत नव्हतं.

बुवा, सुनीती, तिचा थोरला भाऊ श्रीनिवास आणि मी, असे सगळे डॉक्टरांच्या खोलीत बसलो होतो. श्रीनिवास नाशिकला कारखान्यात कामाला होता. कीर्तनाशी त्याचं कधी जमलं नाही. आईच्या मांडीवर तो नमनालाच झोपायचा म्हणे, आणि मोठेपणीही त्याला पेटीचा सूर लागला की जांभई यायची. सुनीती त्याला 'आमचे कुंभकर्ण' म्हणायची.

"सोपं करून सांगतो," डॉक्टर म्हणाले. "पेशीच्या अंगावर कान असतात. त्यांना आम्ही रिसेप्टर म्हणतो. शरीरात कुठे रोग शिरला की हाक येते, ती त्या कानांवर पडते. मग निरोप आत जातो. आत एक सांगाडा असतो, अ‍ॅक्टिन नावाच्या बारीक दोऱ्यांचा. आपल्या हाडांसारखा कायमचा नाही हं. मांडवासारखा. जिकडून हाक आली तिकडे उभारायचा, मागचा सोडवायचा, पुन्हा पुढे उभारायचा. अशी ती पेशी चालते, वाकते, फटीतून शिरते, रोगाला चिकटते."

"आणि माझ्यात काय नाही? कान?"

"कान आहेत. दोऱ्याही आहेत. निरोप आला की मांडववाल्यांना 'इकडे ओढा, तिकडे सोडा' असं सांगणारा जो मधला माणूस लागतो, तो नाही."

"मुकादम नाही!" सुनीती टाळी देत म्हणाली. "अहो, मग बरोबर आहे. आमच्या मंदिरात मुकादम आला नाही की मांडव कसा पडतो ते मावशींना विचारा."

सगळे हसलो. श्रीनिवास हसला नाही.

"उपाय काय?" त्याने विचारलं.

"बोन मॅरो बदलायचा. तुमचा जुळतोय, तपासणी झालीय. सगळा जुना कारखाना बंद पाडायचा आणि तुमचं बी पेरायचं. नव्या पेशी येतील त्यांच्यात मुकादम असेल."

"कधी करायचं?"

"जितक्या लवकर तितकं चांगलं. फुप्फुसं अजून बरी आहेत. दसऱ्यानंतर जागा मिळेल."

"मी रजा टाकतो."

सुनीतीने इतका वेळ मांडीवर ठेवलेले हात उलटे केले, तळव्यांकडे बघितलं. "डॉक्टर, कारखाना बंद पाडताना आवाजाचं काय होतं?"

डॉक्टरांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "तोंड, घसा सगळा सोलवटून निघतो. बहुतेकांचा भरून येतो. कधीकधी श्वासाची नळी घालावी लागते. वर्षभर माणसांत जायचं नाही. नंतर आवाज कसा राहील, हे मी सांगू शकत नाही."

"माझ्या बाबांनाही असंच सांगितलं होतं. बहुतेकांचा भरून येतो."



*

पेशी बघायची कल्पना तिचीच. म्हणाली, "मांडव मोडायच्या आधी एकदा तो कसा दिसतो ते बघू द्या की. माझंच आहे ना ते?"

एका सकाळी ती, बुवा आणि श्रीनिवास संस्थेत आले. आदल्या दिवशी घेतलेल्या रक्तातून डॉक्टरांनी पेशी वेगळ्या केल्या होत्या. आमची नेहमीची पद्धत अशी: पातळ काचेची तबकडी घ्यायची, तिच्यावर पेशींना पाय रोवता येईल असा लेप द्यायचा, त्यावर पेशी सोडायच्या, आणि एका बाजूला त्या हाकेच्या रसायनाचा थेंब ठेवायचा. हाक ऐकू आली तर पेशी त्या बाजूला निघतात. काच सपाट, मोकळी, स्वच्छ. चित्र लख्ख येतं. जगभर सगळे असंच करत होते, आम्हीही करत होतो.

पडद्यावर करड्या रंगाचे ठिपके दिसले. थोडा वेळ काहीच नाही. सुनीती माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

मग एका ठिपक्याने एका बाजूने पदर पसरला. झिरझिरीत, कडेला थरथरणारा. तो पुढे सरकला, मागचं अंग ओढून घेतलं. शेजारचा निघाला. त्याच्या मागचा निघाला. बघता बघता पडदाभर ठिपके एकाच दिशेने चालू लागले, जत्रेला निघाल्यासारखे.

"ह्या माझ्या?" तिने विचारलं.

"तुझ्याच गं," मी म्हटलं.

"चालतायत की!"

डॉक्टर खुर्ची ओढून पुढे आले होते. शेजारच्या तबकडीत त्यांनी एका निरोगी माणसाच्या पेशी ठेवल्या होत्या. दोन्हींचा वेग मोजला. पुन्हा मोजला. फरक नव्हता.

"बाबा, बघा ना!" सुनीतीने बुवांना खेचून पुढे आणलं. "मुकादम नाही म्हणे! ही वारी बघा कशी शिस्तीत चाललीय." बुवांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. त्यांनी पडद्याला हात जोडले. खरं सांगते, मीही जोडले. प्राण चालताना दिसावा आणि हात जोडले जाऊ नयेत, असं माझ्यासारखीच्या बाबतीत होत नाही.

"डॉक्टर," श्रीनिवास मागून म्हणाला, "यावरून काय ठरतं?"

"काही ठरत नाही. प्रथिन नाही ते नाहीच."

"पण चालतात तर खऱ्या," सुनीती म्हणाली.

"चालतात." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अपेक्षा नव्हती मला. कदाचित दुसरं कुणी ते काम थोडंफार करत असेल. कदाचित तुझ्यात हा आजार सौम्य असेल."

"मग एवढी घाई कशाला? चैत्रात रामनवमीचा उत्सव आहे. नऊ दिवसांची कीर्तनं यंदा पहिल्यांदा माझ्याकडे आहेत. बाबांची जागा आहे ती. ती करते. दहाव्या दिवशी तुम्ही म्हणाल तिथे येऊन झोपते. शपथ."

"सुने, वेड लागलंय का?" श्रीनिवास म्हणाला. "मी रजा मंजूर करून घेतलीय."

"तुझी रजा उन्हाळ्यात घे. आंबे खायला मिळतील."

"चेष्टा पुरे. डॉक्टर, तुम्ही सांगा तिला."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. ठिपके अजून चालत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती. पण आदल्या आठवड्यात अनंताच्या उत्सवात तिने आख्यानातली एक दिंडी गायली होती आणि डॉक्टरांना उठवेना, मंडप झाडणाऱ्याने येऊन "साहेब, दिवे घालवायचेत" म्हटलं तेव्हा ते उठले, हे मला ठाऊक होतं.

"औषधं चालू ठेवायची," ते म्हणाले. "महिन्याला तपासणी. ताप आला की त्या क्षणी फोन. असं असेल तर... चैत्रापर्यंत थांबता येईल."

सुनीतीने त्यांना तिथेच, प्रयोगशाळेच्या जमिनीवर डोकं टेकून नमस्कार केला. श्रीनिवास दार लोटून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. जिन्यात उभा होता.

"तुम्ही तरी बोलायचं होतं, मावशी," तो म्हणाला.

"अरे, डॉक्टर आहेत ना ते. विचार करूनच म्हणाले असतील."

"डॉक्टर?" त्याला हसू आलं, पण हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. "त्या खोलीत डॉक्टर कुणी नव्हता. तुम्ही सगळे ऐकणारे होतात."

*

हिवाळा बरा गेला. एकदा कान वाहिला, एकदा डोळ्याजवळ फोड आले, औषधाने बसले. तपासणीला ती वेळेवर यायची आणि डॉक्टरांना छळायची: "हाक आणि सांगाडा यांच्या मधे आणखी कोण कोण असतं ते सांगा. मुकादमाच्या हाताखाली कोण? दोरी ओढतं कोण? सोडतं कोण?" डॉक्टर कागदावर बाण काढून दाखवायचे, ती मान डोलवायची. मला वाटायचं, आपल्या दुखण्याचं नाव माहीत करून घेतेय बिचारी.

चैत्र उजाडला. पहिल्या दिवसापासून मंडपात जागा मिळेना. बुवा बाजूला पाटावर बसायचे, आणि ती जागा घेताना त्यांच्याकडे एकदा बघायची, मगच नमन सुरू व्हायचं. आठव्या दिवशी पूर्वरंगात तिने निरूपणाला विषय घेतला तो ऐकून मी चमकले.

"देवाची हाक सगळ्यांनाच येते," ती म्हणाली. "ऐकूही येते. आपण म्हणतो, 'हो हो, आलोच!' आणि बसून राहतो. कान शाबूत, पाय शाबूत, मग उठत का नाही? अहो, माझे एक डॉक्टर आहेत, ते सांगतात की आपल्या रक्तातल्या इवल्याशा पेशीचंसुद्धा हेच कोडं आहे..."

आणि मग तिने ते सगळं मांडलं. पेशीच्या दारावरचे कान, आत धावणारा निरोप, दोऱ्यांचा मांडव, मधला मुकादम. एकही अवघड शब्द नाही. पेटीवर पट्टी बदलली आणि तिने स्वतः रचलेला अभंग लावला:

हाक आली दारी । कोण उठे घरी ।
कमरेची दोरी । कोण बांधे ॥

शेवटची ओळ तिने इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी आळवली, की 'कोण' या शब्दाचं एकदा गाऱ्हाणं झालं, एकदा चेष्टा झाली, एकदा नुसती शोधाशोध झाली. आजूबाजूला बायका पदराने डोळे टिपत होत्या. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा हात मांडीवर ताल धरत होता. मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नाही, आधीही नाही, नंतरही नाही.

मध्येच ती दोनदा थांबून पाणी प्यायली. आम्हाला वाटलं, गळा भरून आलाय.

कीर्तन उठलं. मंदिराचा दरवाजा अरुंद. एवढा जमाव एकदम निघाला की तिथे घुसमट होते. माझ्या पुढे डॉक्टर. मागून रेटा, पुढून अडवणूक, एका बाजूने दगडी चौकट. त्यांच्या खांद्यावरची पिशवी मागे कुणाच्या तरी हातात अडकली, ते पुढे ओढले गेले, पिशवीचा बंद ताणला आणि तुटला. बाहेर येऊन मी म्हटलं, "थांबा, शोधते पिशवी."

ते रस्त्याच्या मध्यात उभे राहिले होते. एक रिक्षावाला ओरडून गेला तरी त्यांना पत्ता नाही.

"कुंदाताई, तिच्या चामखिळी कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? अंगावर."

"कातडीत. फोड कातडीत, खाज कातडीत. फुप्फुसात दाटी, कातडीत दाटी. शरीरात मोकळी जागा असते कुठे? आपण तिच्या पेशी मोकळ्या काचेवर चालवल्या. काचेवर गर्दी नसते हो!"

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच, तिचं शेवटचं कीर्तन दुपारी रामजन्माच्या वेळी व्हायचं असताना, आम्ही जेलीसारख्या दाट द्रावणात तिच्या पेशी घातल्या. महिन्याच्या तपासणीतल्या रक्तातून राखून ठेवलेल्या होत्या. त्या जेलीत धाग्यांचं असं जाळं असतं की पेशीला अंग चोरूनच पुढे जावं लागतं. हाकेचा थेंब ठेवला. शेजारी निरोगी पेशी होत्याच.

निरोगी पेशी वाकत, आक्रसत, वळसे घेत गेल्या.

तिच्याही निघाल्या. हाक त्यांना ऐकू आलीच होती. पुढचं टोक एका फटीत शिरलं, मागचं दुसरीकडे अडकलं. पुढचं पुढे ओढत राहिलं. मधलं अंग लांबलं, आणखी लांबलं, धाग्याएवढं झालं. "आता मागे ये गं," मी पडद्याशी बोलले, "सोड, मागे ये." आणि तो धागा तुटला. दोन्ही तुकडे क्षणभर हलले आणि थांबले. मग दुसरी तशीच. मग तिसरी. थांबा म्हणणारं त्यांना आत कुणी नव्हतं. हाकेला ओ देता देताच त्या फाटून जात होत्या.

डॉक्टरांनी दिवा बंद केला. "फोन लावा तिला," म्हणाले. "नको. जाऊ या."

बुवांच्या घरी सुनीती अंथरुणात होती. गाल लाल. श्रीनिवास उत्सवाला म्हणून नाशिकहून आला होता, उशाशी बसला होता. त्याने आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

"ताप कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजच," सुनीती म्हणाली.

"चौथ्या दिवसापासून," श्रीनिवास म्हणाला. "गोळ्या खाऊन उभी राहत होती. मला आज सकाळी कळलं."

डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली. उजवीकडे लावली, डावीकडे लावली. खोलीत त्या नळीच्या पलीकडचं फक्त त्यांनाच ऐकू येत होतं.

"आज एकच राहिलंय," ती म्हणाली. "जन्माचं कीर्तन. दोन तास. मग चला."

"आत्ता जायचं."

"डॉक्टर, पाळणा कोण म्हणेल?"

"सुनीती," डॉक्टर म्हणाले, "मी चुकलो. पेशी तुटतायत तुझ्या. आज बघितलं. मी तेव्हा थांबायला सांगायला नको होतं."

तिने उशीवर मान टेकली. "तुम्ही कुठे सांगितलंत? मी मागितलं, तुम्ही नाही म्हणाला नाहीत, एवढंच. दादा, माझी चप्पल बघ."

*

श्रीनिवासने त्याच दिवशी रुग्णालयात सांगून ठेवलं, माझा मॅरो आज घ्या, आत्ता घ्या. तो रोज विचारायचा. डॉक्टर रोज तेच सांगायचे: आधी फुप्फुसं मोकळी होऊ देत, या अवस्थेत जुना कारखाना बंद पाडला तर ती त्यातच जाईल. एका फुप्फुसातला न्यूमोनिया उतरायचा, दुसऱ्यात चढायचा. तिच्या पेशींना हाका जात होत्या. त्या जात असणार तिकडे, मला दिसायचं ते, डोळे मिटले तरी दिसायचं.

श्वासाची नळी घालायच्या आधी तिने बुवांना जवळ बोलावलं आणि दम लागत असतानाही काहीतरी गुणगुणून दाखवलं. जन्माच्या कीर्तनासाठी नवी चाल बांधली होती, ती. बुवांनी मान हलवून एक जागा दुरुस्त केली. तिने ती दुरुस्त करून पुन्हा म्हटली. बाप-लेकीचं ते शेवटचं बोलणं. ज्येष्ठ लागायच्या आत ती गेली.

त्या जेलीतल्या पेशींच्या चित्रफितीला पुढे फार मोल आलं. दुसरीकडच्या संशोधकांनाही तेच दिसलं होतं, आम्हालाही दिसलं होतं. आता असा आजार कळला की कुणी मोकळ्या काचेवर विसंबत नाही. नंतर डॉक्टरांच्या हातून अशी चार मुलं तरी वेळेवर मॅरो मिळून बरी झाली. त्यांतली एक मुलगी नाच शिकते. तिच्या आईने पेढे आणून दिले तेव्हा डॉक्टरांनी ते माझ्या टेबलावर ठेवले आणि निघून गेले.

कीर्तनाला मात्र ते आले नाहीत. मी दर उत्सवाला बोलवायची. "बघू," म्हणायचे. बुवा स्वतः दोनदा त्यांच्या घरी गेले. हात धरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्यावर रोष नाही हो माझा." डॉक्टरांनी त्यांना खाऊपिऊ घातलं, खाली रिक्षापर्यंत सोडायला आले. पण आले नाहीत.

तिच्या वर्षश्राद्धानंतरच्या रामनवमीला बुवांनीच उभं राहायचं ठरवलं. त्या आवाजात कीर्तन कसलं? पहिल्या दोन रांगांनासुद्धा पुढे वाकावं लागत होतं. श्रीनिवास पेटीवाल्याच्या शेजारी बसून माईक बुवांच्या तोंडाशी धरत होता, आणि तो झोपला नव्हता. नमन झालं, आणि मला बाहेर काही तरी दिसल्यासारखं वाटून मी उठले.

रस्त्याच्या पलीकडे, सायकल दुरुस्तीच्या दुकानाजवळ डॉक्टर उभे होते. हातात काही नाही, नुसते उभे.

मी रस्ता ओलांडून गेले. "अहो, इथवर आलात, आत चला की. बुवा उभे आहेत."

"माहीत आहे. इथून दिसतात."

"मग?"

"कुंदाताई, तुम्ही जा. तुम्हाला बाधत नाही ते."

"काय बाधत नाही?"

दुकानदाराने एका चाकाला गरकन फिरकी दिली आणि कान लावून ते ऐकू लागला. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले.

"मला वाटायचं, ऐकणं म्हणजे सगळ्यांत निरागस काम," ते म्हणाले. "कुणाचं काही बिघडत नाही त्याने."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, पण पाय उचलला नाही. थोड्या वेळाने मी एकटीच परत फिरले. अर्ध्या रस्त्यात आल्यावर थबकले, कान देऊन बघितलं. इथपर्यंतसुद्धा बुवांचा शब्द पोचत नव्हता. माईक होता तरी नाही. पलीकडे तर नाहीच नाही. जिथून दिसेल पण काही म्हणजे काही ऐकू येणार नाही, नेमकी तेवढी जागा शोधून ते उभे होते.